एक ते तीनचं चित्रण

वजनकाटे तपासणं हे माझं काम. दहा ग्रॅमची खोट मला नजरेनं कळते. त्यामुळे घरातलं कोडं सुटत नव्हतं, तेव्हा मला भीतीपेक्षा वैताग जास्त आला.

आई दोन वर्षं अंथरुणावर आहे. उजवी बाजू गेलेली, डावा हात नावाला. दिवसा तिच्यापाशी कामाच्या मावशी असतात. एक ते तीन त्या दार ओढून घेऊन स्वतःच्या घरी जेवून येतात. आईचं ताट झाकून ठेवतात, आल्यावर भरवायचं म्हणून. पण हल्ली परत येईपर्यंत ताट रिकामं झालेलं असे आणि आईचं तोंड स्वच्छ पुसलेलं.

"मला वाटायचं, साहेब येऊन जातात," मावशी म्हणाल्या.

"तुम्हीच खात असाल," ताई म्हणाली. माझ्या या बहिणीच्या जिभेला हाड नाही. आईची आबाळ होते, महिनाअखेरीस तिला शुश्रूषा केंद्रात हलवायचं, असं तिनं ठरवून टाकलं. आई मला म्हणाली, "नको रे पाठवूस." मी बरं म्हणालो. दोघींनाही. अलीकडे मला कशाचंच फारसं काही वाटत नाही.

आईच्या खोलीत कॅमेरा होता. त्याचं चित्रण बाहेरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर साठत असे. त्यात एक दहाला ताट झाकलेलं दिसे आणि पुढच्याच चित्रात रिकामं. मधलं काही नाही.

दुकानदारानं कॉम्प्युटर उघडून धूळ फुंकली. "कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं पाठवतो. याला दोनसुद्धा झेपत नाहीत. दम लागला की मिनिटंच्या मिनिटं गाळतो."

"रॅम वाढवली तर?"

"नुसत्या रॅमनं नाही भागायचं. प्रोसेसरच म्हातारा झालाय. या बोर्डावर बसणारा सगळ्यात वरचा टाकू. रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, एकच सोळाची नको. जोडीनं चांगल्या पळतात."

"बत्तीसच करू का?"

"डास मारायला तोफ कशाला, साहेब?"

मी सोळा घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या दुपारचं चित्रण लावलं. आता ते पाण्यासारखं वाहत होतं.

एक दहाला मी खोलीत आलो.

माझाच निळा चौकडीचा शर्ट. बसण्याची तऱ्हाही माझीच, एक पाय दुमडून. मी आईला घास भरवले. तिची हनुवटी पुसली. काहीतरी सांगितलं, ती हसली. मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी बराच वेळ रडलो. ती डाव्या हातानं थोपटत राहिली.

एक दहाला मी बाजारात काटे तपासत होतो. अकरा दुकानदारांच्या सह्या आहेत. आणि आईसमोर मी कधीच रडलेलो नाही.

"आई, दुपारी कोण येतं?"

"तूच की," ती म्हणाली. "दुपारी बोलतोस तरी."

चित्रण ताईला दाखवलं. तिचे डोळे भरून आले. "मग तूच जाऊन भरवतोस, हे सांगायचं नाही का? उगाच मावशींना बोलले मी." केंद्राचा विषय तिथंच मिटला.

पुढचे चार दिवस मी रोज चित्रण पाहिलं. पाचव्या दिवशी साडेबाराला काम थांबवून घरी निघालो.

जिन्यात मावशी भेटल्या. "आत्ताच तर आत गेलात," म्हणाल्या आणि हसून उतरू लागल्या.

मी किल्ली फिरवली. कुलूप उघडलं, दार हललं नाही. आतून कडी होती.

आई दोन वर्षांत पलंगावरून उतरलेली नाही.

मी बेल दाबली.

आत ताटलीवर चमचा वाजत होता, तो थांबला.

"कोण आहे रे?" आईनं विचारलं.

"कोणी नाही, आई," माझा आवाज आतून म्हणाला. "तू जेव."