मांडीवरचं स्टिअरिंग

काम तसं किरकोळ होतं. सासऱ्यांच्या जुन्या गाडीचं परातीएवढं, सडपातळ स्टिअरिंग काढून तिनं आदल्या दिवशीच आपल्या मनगटांना मानवेल असं लहान, जाडसर नवं बसवलं होतं. सगळं नीट जमलं होतं. फक्त हॉर्न वाजत नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घाटापलीकडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्या घाटातल्या आंधळ्या वळणांवर मुक्या गाडीनं जाणं म्हणजे वेडेपणा, हे सांगायला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईची गरज नव्हती.

सासरे ऑपरेशन टाळत आले होते. शेवटी एकदा शेजाऱ्यांच्या फाटकावर गाडी घातल्यावर ते नरमले, पण अटी घालूनच: जायचं ते आपल्याच गाडीतून, आणि जुनं स्टिअरिंग भंगारात द्यायचं नाही.

"गाडी तुझी," ते म्हणाले होते, "हे माझं."

स्टिअरिंग निघाल्यापासून ते जुनं चाक मांडीवर घेऊन सासरे व्हरांड्यात बसून होते. चेहऱ्यावर शाळेला सुट्टी लागल्याचं समाधान. तिलाही हायसं वाटलं होतं. ज्यानं जन्मभर गाडी चालवली त्याच्या हातून ती काढून घेणं फार अवघड जाईल असं तिला वाटलं होतं. पण भांडण नाही, रुसवा नाही.

तिनं नव्या स्टिअरिंगच्या मधोमध असलेलं हॉर्नचं बटण उचकटलं.

"मास्तरीणबाई, लागला का शोध?" व्हरांड्यातून हाक आली.

"लागेल. तुमच्या गाडीला शिस्त नाही, बाबा."

"गाडीला आहे. मालकीण नवी आहे!"

ती हसली, आणि तेवढ्यात हॉर्न वाजला. दोनदा, आखूड. तिचे हात तारेपासून दूर होते. तिनं वळून पाहिलं. सासऱ्यांचा अंगठा मांडीवरच्या चाकाच्या बटणावर होता.

"वाजला की गं!"

"तार पत्र्याला टेकली असेल," ती म्हणाली. ते शक्य होतं, आणि शक्य होतं म्हणून पुरेसं होतं. तिनं उघड्या टोकाला टेप गुंडाळली आणि खबरदारी म्हणून बॅटरीची जोडणीही सोडवली.

मग दोष सापडला. नव्या बटणाला दोन टोकं होती. एकाला हॉर्नची तार लावलेली होती. दुसऱ्याचा गाडीच्या धातूशी संबंध हवा होता, तो चाक आणि दांडा यांच्यामधल्या रंगवलेल्या कड्यानं तोडला होता. जुन्या चाकाला तो आपसूक मिळत असे. तिनं कानशीनं स्टिअरिंगच्या दांड्यावरचा रंग खरवडला, दुसऱ्या टोकाची काळी तार त्या चकचकीत जागी स्क्रूखाली आवळली. दुपार निवांत होती. घासल्या लोखंडाचा नि तापल्या रबराचा वास गाडीत भरून राहिला होता, आणि हातातलं काम बिनचूक होत असल्याचा तो जुना, शांत आनंद तिच्या मनात.

हॉर्न पुन्हा वाजला. दोनदा, आखूड.

तिनं बॅटरीकडं पाहिलं. जोडणी सुटलेलीच होती. मग, मागच्या गल्लीत कुणाची तरी गाडी असेल, असं तिनं ठरवलं. एखाद्या विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं, तर तिनं त्याला शून्य दिलं असतं.

बॅटरी जोडून तिनं बटण दाबलं. हॉर्न खणखणीत वाजला. विषय संपला.

ऑपरेशन सुरळीत झालं. परतताना सासरे मागच्या सीटवर बसले. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्याला नुसता उजेड कळे. मांडीवर चाक होतंच. "रिकाम्या हातानं गाडीत बसवत नाही मला," ते सकाळीच म्हणाले होते.

घाटात धुकं उतरलं. पहिल्या वळणाशी तिनं अंगठा बटणाकडं नेला, पण हॉर्न आधीच वाजला. हातातलं चाक अलगद डावीकडं फिरलं. गाडी डोंगराला बिलगली आणि धुक्यातून एक ट्रक घसटून निघून गेला. तिला तो दिसलाच नव्हता.

"बाबा..."

"बोलू नकोस," मागून दबका आवाज आला. "वळणं आहेत..."

आरशात पट्टीखालचा तो चेहरा तृप्त होता. तिनं चाक घट्ट धरून पाहिलं. लहान मुलाचं बोट मोठ्या माणसाच्या मुठीत असावं, तसे तिचे हात त्याच्यासोबत फिरत राहिले. वळणामागून वळण सुटत गेलं. तिला भीती वाटायला हवी होती. वाटत होतं ते निर्धास्त, आणि त्यानंच ती अस्वस्थ झाली.

घाट संपला. पुढं धरणाच्या बांधावरचा सरळ रस्ता. तिनं श्वास सोडला. मागून संथ घोरणं ऐकू येत होतं. आरशात सासऱ्यांची हनुवटी छातीवर टेकली होती, हात मात्र चाकावरच होते. ते चाक उजवीकडं फिरू लागलं. आणि तिच्या हातातलंही...

तिनं ब्रेक दाबला. गाडी कठड्याला लागून थांबली. इंजिन बंद केलं, किल्ली काढून मुठीत धरली. मांडीवरचं चाक फिरतच होतं. पुढची चाकं खडीवर करकरत पाण्याकडं वळत होती.

"बाबा, उठा... बाबा..."

"आलोच," ते झोपेत हसून म्हणाले. हे तिला म्हटलेलं नव्हतं. त्यांचा अंगठा हलला. बंद गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा, आखूड.

आणि उजवीकडून, पाण्यावरच्या धुक्यातून, कुणीतरी तसाच हॉर्न देऊन उत्तर दिलं.