ताळ्याची रेघ

वाचनालयाच्या चार कॉम्प्युटरांसाठी दाजींना एक फ्लॉपी हवी होती. एकच. आणि सकाळपासून नाकी नऊ आले तरी धाकटीला ती काही देता येत नव्हती.

ते चार कॉम्प्युटर म्हणजे चार हट्टी म्हातारे होते. पेन ड्राइव्ह लावला तर ढुंकून बघत नाहीत. सीडी वाचतात, पण तिच्यावरून आपण होऊन उठत नाहीत. त्यांना आधी फ्लॉपीने हलवून जागं करायचं, मग ते सीडी मागणार, मग कुठे युनिक्सच्या गोतातली ती सडपातळ सिस्टीम त्यांच्या पोटात उतरणार. सीडी पहिल्या फटक्यात तयार झाली. घोडं अडलं ते फ्लॉपीपाशी. कुठूनसा मिळवलेला दहा जुन्या फ्लॉप्यांचा डबा होता, आणि जेवणवेळेपर्यंत त्यातल्या आठ कचऱ्यात गेल्या होत्या.

"झालं का गं?" बाहेरच्या खोलीतून दाजींनी विचारलं.

"होतंय!" ती वसकन म्हणाली. मग तिचं तिलाच वाईट वाटलं. दाजी बिचारे खांद्याला पिशवी लावून तासभर बसले होते. वाचनालय होतं डोंगरापलीकडे, आणि अंधार पडायच्या आत परतायचं हा त्यांचा दोन वर्षांपासूनचा नेम होता.

नेम का, ते दोघांनाही ठाऊक होतं. कधी बोलत नसत.

हे दुकान ताईचं. फ्लॉपी लिहून झाली की ताई लेबलावर हिरव्या पेनाने एक आखूड रेघ मारायची. मग लिहिलेलं सगळं परत वाचून मूळ फाइलशी ताडून बघायची. याला ती ताळा म्हणायची. ताळा जुळला, तरच आखूड रेघेला जोडून लांब रेघ. बरोबरची खूण तेव्हा कुठे पुरी व्हायची. "लिहिलं म्हणजे झालं असं नसतं गं, धाकटे," हे तिचं पालुपद होतं.

दोन वर्षांपूर्वी ताई याच वाचनालयात निघाली होती, बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. ताळा दोन मिनिटांचं काम. धाकटीने तो न करता दोन्ही रेघा एकदम मारल्या आणि धावत जाऊन फ्लॉपी दिली. वाचनालयात ती फ्लॉपी अर्ध्यातच अडकली. ताई डोंगर उतरून दुसरी न्यायला आली, संध्याकाळी पुन्हा निघाली, आणि तिसऱ्या वळणावर गाडी दरीत गेली.

पिशवी धड परत आली. आतल्या कप्प्यात ती पहिली, अडकलेली फ्लॉपी होती. धाकटीने दार लावून घेतलं आणि तेव्हा तिचा ताळा केला. ड्राइव्ह टक् टक् करत पुढे सरकला आणि बराच पुढे गेल्यावर अडखळला… खर्र… खर्र. तिने पत्रा कापायच्या कात्रीने फ्लॉपीचे दोन तुकडे केले आणि लांबच्या कचरापेटीत टाकून दिले. दाजींना म्हणाली, फ्लॉपी चांगलीच होती, पण पिशवीत काही सापडली नाही. त्यांनी विश्वास ठेवला. तेव्हापासून ते कॉम्प्युटरांना शिव्या घालत होते आणि ही खाली मान घालून ऐकत होती.

नववी फ्लॉपीही लिहिता लिहिता गेली. तिने ती ओढून काढली आणि टेबलावर आपटली. भर दुपार होती, खिडकीतून ऊन आत आलं होतं. तापलेल्या प्लॅस्टिकचा वास सुटला होता. आणि ड्राइव्हचा दिवा लागला.

आत काही नव्हतं. तरी तो वाचत होता. टक्… टक्… टक्… सावकाश, ताळा करताना वाचतो तसा. तिला हलता येईना. बराच पुढे गेल्यावर तो अडखळला. खर्र… खर्र. बरोबर त्याच जागी.

"ताळा सुरू झाला वाटतं," बाहेरून दाजी म्हणाले.

म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं. "हो…" ती कशीबशी म्हणाली आणि ड्राइव्हची वायर उपटली. आवाज थांबला.

दहावी फ्लॉपी घालायला हात धजेना. पण ही नीट झाली नाही तर दाजी उद्या-परवा पुन्हा त्या डोंगरात जाणार, पुन्हा पुन्हा जाणार. तिने दात-ओठ खाऊन वायर जोडली. फ्लॉपी लिहिली. ताळा केला, एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा जुळला. लांब रेघ मारताना तिला रडू आलं. मग तिने वायर पुन्हा काढून ठेवली.

"ताळा केलास ना?" दाजींनी विचारलं.

"केलाय."

"तू नेहमीच करतेस," असं म्हणून त्यांनी ताईच्या पिशवीत फ्लॉपी टाकली आणि ते निघाले.

साडेचारला फोन आला.

"तीन उठले, धाकटे. चौथ्याच्या वेळी तुझी फ्लॉपी गेली बघ."

ती ताडकन उठली. "मग तिथेच राहा, दाजी. परत येऊन पुन्हा जाऊ नका, हात जोडते…"

"परत कशाला येऊ? आतल्या कप्प्यात दुसरी होती की. तिच्यावर उठला चौथा."

"मी… एकच दिली होती."

"असं कसं? दोन्ही रेघा आहेत, हिरव्या. फक्त मधोमध कापलेली आहे गं. चिकटपट्टी लावून जोडलीय. असली फ्लॉपी चालली कशी, कोण जाणे. थांब, लेबलावर तारीख आहे…"

त्यांनी तारखेचा एकेक आकडा सावकाश वाचला.

"धाकटे," ते अगदी हळू म्हणाले, "ही त्या दिवशीची आहे. पिशवीत नव्हती म्हणालीस ना तू?"

ती स्टुलावर बसली. दोन वर्षं लपवलेलं बाहेर आलं. "दाजी, त्या दिवशी मी ताळा केला नव्हता. रेघ खोटी होती. फ्लॉपी मीच कापली…"

तिने डोळे पुसले. काढलेली वायर समोर टेबलावरच पडली होती.

"तिथे काय वाजतंय?" दाजींनी विचारलं. "ताळा… चाललाय का?"

तिच्या पाठीमागे ड्राइव्ह वाचत होता. टक्… टक्… टक्… खर्र कधी येते याची ती वाट बघत राहिली. ती जागा आली. या वेळी तो अडखळला नाही.