धरा आणि सोडा

आमची ओळख झाली ती माझ्या ‘सोडा’मुळे.

माझा योगवर्ग आणि त्याचा पिलाटेस व्यायामाचा वर्ग यांच्यामध्ये प्लायवुडची एक भिंत. तो येऊन पाचच दिवस झाले होते. शवासनात पडलेल्या माझ्या मंडळींना मी म्हटलं, “आता सगळं अंग... सोडा.” पलीकडे धपाधप आवाज झाला. मिनिटभरात दारात एक उंच माणूस उभा.

“बाई, मी पाय वर धरायला सांगितले होते. तुम्ही सोडायला लावलेत. अकरा जणांचे बावीस पाय.”

“त्यांनी माझं ऐकलं, यात माझा काय दोष?”

“दोष नाही. आवाजच तसा आहे.”

तो गेला, आणि पुढच्या आसनात मी उजवा पाय सांगून डावा उचलला.

त्याच्याकडे स्प्रिंगा लावलेली लांबलचक खाट होती. मी त्याला स्प्रिंगराव म्हणू लागले, त्यानं मला शवासनबाई केलं.

“भर सकाळी माणसांना झोपवता आणि त्याला व्यायाम म्हणता,” तो जिन्यात म्हणायचा.

“आणि तुम्ही? खाटेवर चढवून झोपू देत नाही.”

“आम्ही पोट बळकट करतो.”

“आम्ही डोकं शांत करतो.”

“माझं नाही झालं अजून,” तो म्हणाला, आणि... बघत राहिला. त्या आठवड्यात असं बघणं चार वेळा झालं. मोजायचा माझा स्वभावच आहे.

मग एके दिवशी मालकीणबाईंनी दोघांना बोलावलं. जागा त्यांची, आणि दोन वर्षं धरलेली कंबरही त्यांचीच. बुटाची लेस सून बांधून द्यायची, ते त्यांना कंबरेपेक्षा जास्त दुखायचं.

“दोन छोट्या खोल्या मला परवडत नाहीत,” त्या म्हणाल्या. “भिंत काढणार. हॉल एकालाच. सोमवार-बुधवार ह्याच्याकडे येईन, मंगळवार-गुरुवार तुझ्याकडे. महिनाअखेरीला सगळ्यांसमोर लेस बांधायला बसेन. ज्याच्या सांगण्यानं ती मला बांधता येईल, तो राहील. दुसऱ्यानं सामान उचलायचं.”

मी गेले तर दुसऱ्या शहरात बहिणीकडे. तो गेला तर... पुढचं मी मनातही पुरं केलं नाही.

लेसच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो जिन्यात थांबला. “मी उद्या गप्प बसतो. तुम्ही राहा.”

“हरून दिलेलं मी घेत नाही, स्प्रिंगराव. आणि असा माणूस मला आवडायचाही नाही.”

“म्हणजे एरवी... आवडतो?”

मी उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करून उतरले.

सकाळी दोन्ही वर्ग भिंतीला टेकून उभे. मालकीणबाई सुनेला घेऊन आल्या, खुर्चीवर बसल्या, वाकल्या, आणि अर्ध्यावर अडकल्या. बोटं आणि बूट यांत वीतभर अंतर. चेहरा लाल, श्वास कोंडलेला. मला राहवलं नाही.

“सोडा!” मी म्हटलं.

“धरा!” तोही त्याच क्षणी.

“अरे, नक्की काय करू मेल्यांनो?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“पोट धरा,” तो हळूच म्हणाला.

“आणि श्वास सोडा,” मी म्हटलं. “नाकानं, सावकाश...”

“तोंडानं,” तो पुटपुटला.

“कुठूनही, पण सोडा.”

त्यांनी पोट आत धरलं, लांब श्वास सोडला आणि वीतभर अंतर बोटभर झालं. पुन्हा धरलं, पुन्हा सोडला. बोटं लेसला लागली. एक फास, दुसरा फास, गाठ. मग दुसरा बूट. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि आधी सुनेकडे बघितलं. सून टाळ्या वाजवत होती, डोळे पुसत.

“आता सांगा, कोण जिंकलं?” भिंतीकडून कुणीतरी विचारलं.

“मी,” मालकीणबाई म्हणाल्या. “भिंत पडणारच. हॉल दोघांना मिळून. एकानं धरायला शिकवायचं, एकीनं सोडायला. भांडायचं असेल तर जिन्यात, तिथं तसेही रोज असता.”

सव्वीस माणसं हसली. त्या गलक्यात माझा हात त्याच्या हातात कसा गेला, याचा हिशेब मात्र मला लागला नाही.

“सगळे बघतायत,” मी म्हटलं. “सोडा ना.”

“‘सोडा’ नाही. ‘सोड’ म्हण.”

“मग सोडाल?”

“मग तर मुळीच नाही.”

मी त्याच्याकडे पाहिलं. दीर्घ श्वास घेतला... अगदी नाकानं.

“सोड,” मी म्हटलं, आणि त्याची बोटं घट्ट धरली.