जाळीमागची जागा

खोटं सांगून मला काही मिळणार नाहीये. उलट हे सांगितल्यापासून ऑफिसमधले दोघे-तिघे माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. तरी लिहितेय. कारण हे माझ्यासोबत घडलंय.

गेल्या जानेवारीतला रविवार. हैदराबादचं जुनं शहर. राजवाड्याचं नाव मुद्दाम देत नाही.

मी तन्वी. मूळची पुण्याची. नवरा सौरभ आणि मी, दोघंही इथे आयटीत आहोत. सौरभच्या आत्या भाग्यलक्ष्मी लग्न होऊन गौलीगुड्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. आता सत्तरी ओलांडलीय, एकट्या राहतात. बोलताना मराठीत इथली दखनी हिंदी मिसळते, दखनीत तेलुगू. बसमध्ये, भाजीवाल्याकडे, कुणाशीही बोलणं सुरू.

त्या आठवड्यात राजवाड्यावर रोषणाई होती. हट्ट आत्यांनीच धरला.

"इतकी वर्षं नुसती बाहेरून बघते मी. हौ म्हण की, पोरी!"

अफझलगंजवरून मुसी नदीचा पूल ओलांडून पोचलो, तेव्हा नुकता अंधार पडत होता.

आणि दिवे लागले. सगळे एकदम.

कमानी, घुमट, सज्जे... अख्खा राजवाडा सोनेरी. समोरच्या हौदात उलटा दुसरा राजवाडा. लोकांनी मोबाइल वर केले. सौरभनेही.

आत्यांचे गुडघे दुखायला लागले होते. पहारेकरी म्हणाला, "उप्पर जाव अम्मा. बैठने कू जगा है. पूरा दिखता वां से."

सौरभला खूण करून आम्ही दोघी वर गेलो.

वर एक लांब, अरुंद सज्जा होता. समोर दगडी जाळी. भिंतीला लागून दगडी बाक. पूर्वी राजघराण्यातल्या बायका इथे बसून खालचा दरबार बघायच्या, अशी पाटी होती. त्यांना सगळं दिसायचं. त्या मात्र खालून कुणालाच दिसायच्या नाहीत.

आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं.

आत्या टेकल्या. मी शेजारी बसले. जाळीतून आलेले उजेडाचे पिवळे ठिपके आमच्या अंगावर, बाकावर, भिंतीवर पडले होते. फार सुंदर दिसत होतं. फोटोसाठी मी मोबाइल काढला.

तेवढ्यात टोकाचे ठिपके गेले...

मी जाळीकडे पाहिलं. बाहेर दिवे चालूच होते. पण जाळीचं टोकाचं एक भोक काळं झालं होतं. मग त्याच्या शेजारचं. मग अजून एक...

जणू कुणीतरी येऊन तिथे डोळा लावत होतं.

"आत्या, खाली जाऊ या."

"थांब गं, आत्ता तर बसले."

आणि त्या सरकल्या. डावीकडे सगळा बाक मोकळा असताना मला अगदी चिकटून बसल्या.

"का सरकलात?"

"त्यांना बसायचंय ना," समोर बघतच त्या हळू म्हणाल्या.

त्यांच्या पलीकडे कुणीच नव्हतं.

मी उठायला गेले...

उठता येईना.

माझ्या उजव्या दंडाला कुणाचा तरी दंड लागला होता. मऊ. गार. गुडघ्यांसमोर कुणीतरी पाठमोरं उभं होतं. खच्चून भरलेल्या बसमध्ये वाटतं ना, तसं. फक्त माणसं दिसत नव्हती. वर्षानुवर्षं पेटीत राहिलेल्या कपड्यांचा वास येत होता. आणि श्वास...

पुष्कळ जणींचे श्वास.

मोबाइल हातातच होता. पण हात मांडीवरून उचलवत नव्हता.

मी ओरडले. "सौरभ!"

जाळीतून तो मला दिसत होता. हौदाकाठी उभा राहून आम्हाला शोधत होता. त्याने वर पाहिलं. थेट माझ्याकडे. मी जीव तोडून हाका मारल्या.

त्याची नजर तशीच पुढे गेली.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. सौरभच! टॉर्च लावून तो सज्ज्याच्या दारात उभा राहिला. माझ्यापासून हाकेवर कसला, हात लांब केला तर पोचेल इतका जवळ.

"आत्या? तन्वी?"

"अरे, इथेच आहोत! सौरभ!"

टॉर्चचा उजेड बाकावरून फिरला. माझ्या डोळ्यांत गेला. मी डोळे मिटले...

उजेड पुढे सरकला.

"इथे पण नाहीत," तो पुटपुटला. आणि खाली उतरून गेला.

माझा आवाज बसला. रडूही येईना. वाटलं, संपलं. आता आपल्याला सगळे दिसत राहणार, आणि आपण कुणालाच दिसणार नाही.

आत्या मात्र बोलत होत्या. बसमधून उतरताना बोलतात तशा.

"उतरना है अम्मा. रस्ता देव. घर जाके गोली खाना है मेरे कू."

कपड्यांची सळसळ झाली. आत्या उठल्या. खरंच उठल्या! माझा हात धरून त्यांनी ओढलं.

मी जागची हलले नाही.

आणि अगदी माझ्या कानाशी एका बाईचा आवाज आला. शांत, समजुतीचा.

"आप जाव. इने बैठती."

आत्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला.

"नक्को अम्मा. बहू है मेरी. इसकू यां नक्को बिठाव."

दोन्हीकडचा दाब वाढत गेला. बरगड्या दुखायला लागल्या. श्वास आत जाईना.

मग आत्या वाकल्या. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून म्हणाल्या,

"इसकू छोडो. मैं आती. आती बोली ना."

दाब एकदम सुटला. मी फरशीवर आपटले.

जिना कसा उतरलो ते आठवत नाही. खाली सौरभ पहारेकऱ्याशी भांडत होता. आम्हाला बघून त्याला रडूच फुटलं. "कुठे होतात? वर येऊन बघितलं ना मी!"

घरी आल्यावर पाहिलं, माझे दोन्ही दंड खांद्यापासून कोपरापर्यंत काळेनिळे पडले होते.

आत्यांना मी खूपदा विचारलं. तुम्ही कुणाला शब्द दिलात? त्या नजर चुकवून एकच म्हणायच्या, "मी कुठं काय बोलले? माझी तर वाचाच बसली होती." शेवटी चिडल्या. मी विषय सोडला.

परवा पेपरात आलं. राजवाड्यावर पुन्हा रोषणाई.

त्याच संध्याकाळी सौरभला आत्यांचा फोन आला. मी शेजारीच होते, फोन स्पीकरवर होता.

"रविवारी मला तिथं सोडशील का रे?"

"सोडतो की. न्यायला किती वाजता येऊ?"

"न्यायला येऊ नको, बाळा."

आज शनिवार. मी गौलीगुड्यात आत्यांच्या घरी आलेय. दाराला आतून कुलूप लावून किल्ली माझ्याजवळ ठेवलीय. शेजारच्या खोलीत आत्या उद्याची साडी काढून ठेवतायत. मी त्यांना जाऊ देणार नाही.

पण आत्या नाही गेल्या, तर जाळीमागच्या त्या बायका तिथे कुणाला बसवणार, ते मला माहीत आहे...