लाल चेंडूचे सर, पांढऱ्या चेंडूच्या मॅडम

आमची पहिली भेट म्हणजे चक्क भांडण. तेही कशावरून, तर भारताच्या टीमला कोच एक असावा का दोन!

फुलंब्रीहून शहरात येणाऱ्या काळी-पिवळीत बसलं की माणसाला स्वतःचेच हातपाय शोधावे लागतात. आमचा ड्रायव्हर सांडूभाऊ, जीपचं दार लागतंय तोवर जागा आहे असंच धरून चालतो. त्या दिवशी सकाळची कडाक्याची थंडी, आणि माझ्या शेजारी एक उंच तरुण, मांडीवर हरभऱ्याच्या ढाळ्यांचा भला मोठा भारा घेऊन बसलेला. प्रत्येक खड्ड्याला ते ओलसर ढाळे माझ्या गालाला लागायचे. दोनदा मी रागानं बघितलं. तिसऱ्यांदा त्यानं सरळ एक डहाळी तोडून माझ्यापुढं धरली.

"घ्या. नुसतं डोळे वटारण्यापेक्षा खाल्लेलं बरं."

अगाऊच आहे, म्हटलं. पण घाटे असे टपोरे भरलेले, की हात पुढं गेलाच.

पुढं सांडूभाऊच्या मोबाईलवर क्रिकेटच्या बातम्या चालल्या होत्या. तो वैतागून म्हणाला, "घरच्या मैदानावर टेस्ट हरतेत, अन् तीच टीम वन-डेचा कप घिऊन येती. कोचच बदलाया पायजे बघा."

"बदलायला नाही, दोन करायला पाहिजेत," मी म्हटलं. क्रिकेट म्हटलं की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही. "टेस्टला वेगळा, वन-डे आणि ट्वेंटी-ट्वेंटीला वेगळा."

"एका गाडीला दोन ड्रायव्हर?" ढाळेवाला हसला.

"माझ्या स्टेरिंगला दुसऱ्यानं हात तर लावून बघावा!" सांडूभाऊनं लगेच त्याची बाजू घेतली.

"गाडी एक नाहीये ना पण!" मला चेव चढला. "पाच दिवस थांबायला शिकवायचं हे कसब वेगळं, वीस ओव्हरींत झोडायला शिकवायचं वेगळं. एका माणसाचं डोकं आठवड्याला बदलतं का?"

"डोकी दोन आणाल हो. पण खेळाडूचं अंग एकच असतं. टेस्टवाला म्हणणार खेळव, ट्वेंटीवाला म्हणणार विश्रांती दे. त्यानं ऐकायचं कुणाचं? इंग्लंडनं करून बघितलं की. परत सगळं एकाच्याच हाती दिलं."

"मोठ्या मनाचा कोच असला तर स्वतःच म्हणेल, घे बाबा अर्धं काम."

"आणि खरा कोच असला, तर अर्धं काम घेणारच नाही."

बोलायला असा शांत, आणि डोळे असे मिश्कील... मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले. बोटांना ढाळ्यांची आंबट चव लागली होती. हर्सूल आलं, मी उतरले. मागोमाग भाऱ्यासकट तोही उतरला.

मी मैदानाकडं वळले. तोही वळला.

"माझ्या मागं येताय का हो?"

"नाही... मला वाटलं तुम्हीच माझ्या पुढं चाललाय!"

मैदानाच्या फाटकात तात्यासाहेब उभे होते. अकॅडमी त्यांची, जमीन त्यांची, हौसही त्यांचीच. मुलींच्या टीमची कोच मी. पिशोर, गंगापूर, फुलंब्री, गावोगाव फिरून, आयाबापांच्या हातापाया पडून मी त्या पोरी गोळा केल्या होत्या.

"या, या! प्रेरणा मॅडम, हे इंद्रजीत. गंगापूरचे. राज्याकडनं खेळलेत. औंदा पोरींच्या दोन दिवसांच्या मॅचेस हायेत ना, तवा लाल चेंडूचे कोच हे. पांढरा, वीस ओव्हरींचा, तुमच्याकडं. झाले का नाय दोन कोच, मोठ्या टीमांसारखे?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझी टीम, आणि अर्धी याला? तात्यासाहेब आत वळताच इंद्रजीत हळूच म्हणाला, "मोठं मन, मॅडम..."

"आणि तुम्ही खरे कोच ना? अर्धं काम घेणार नव्हतात!"

तो एकदम गंभीर झाला. "फोनवर मला अर्धं म्हणून कुणी बोललंच नव्हतं. तुमचं काम काढून घ्यायला मी आलेलो नाही. परत जाऊ का?"

खरंच विचारत होता हो. तिथंच माझा राग निम्मा गेला. पण दाखवते कशाला?

"जा की."

"जातो. फुलंब्रीच्या बहिणीनं एवढे ढाळे दिलेत, ते तेवढे संपवून जातो."

ढाळे पोरींनी दुपारपर्यंत फस्त केले. तो काही गेला नाही.

सकाळी लाल चेंडू, संध्याकाळी पांढरा. त्याच्या सरावात मी डोकवायचं नाही, माझ्यात त्यानं नाही. आपापला हट्ट! खेळाबद्दल एक अक्षर बोलायचो नाही. बाकीचं मात्र बोलणं हळूहळू वाढायला लागलं. मी संध्याकाळी यायची तेव्हा तो खेळपट्टीचं काम आवरून निघालेला असायचा, पण निघता निघता त्याची बुटाची नाडी दर वेळी सुटायची. ती बांधायला त्याला अर्धा तास लागायचा.

"राज्याकडनं खेळलात आणि नाडी बांधता येत नाही?"

"पांढऱ्या चेंडूच्या मॅडम शिकवत असतील तर शिकतो."

"नाड्या लाल चेंडूच्या खात्यात येतात."

पोरी तोंडावर टोप्या धरून हसायच्या.

जानेवारीत तात्यासाहेबांनी सगळ्यांना शेतात हुरड्याला बोलावलं. आगटीभोवती पोरींचा कालवा, धूर डोळ्यांत, लसणाच्या चटणीनं जीभ भाजलेली. इंद्रजीत भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचा, फुंकर मारायचा आणि मऊ हिरवे दाणे दुसऱ्याच्या हातावर द्यायचा. माझी पाळी आली. मी ओंजळ पुढं केली. दाणे गरम होते, त्याची बोटं त्याहून गरम... आणि ओंजळ भरली तरी हात काही मागं जाईना.

"भाजतंय का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग डोळ्यांत पाणी कशाचं?"

"धूर आहे ना—"

"धूर तर तिकडं चाललाय, प्रेरणा."

मॅडम नाही. प्रेरणा. मी सगळे दाणे एकदम तोंडात कोंबले, कारण बोलले असते तर सगळंच बोलून गेले असते. घरी येताना माझ्या ओढणीला धुराचा वास होता. ती ओढणी मी धुवायला टाकलीच नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात आमची अशी काही शोभा झाली की विचारू नका.

जालन्याच्या मुलींशी वीस ओव्हरींचा सामना होता. सुकेशनी, आमची सगळ्यांत वेगवान बोलर, पिशोरची, सीमारेषेवर उभी होती. चेंडू तिच्याकडं गेला, तिच्या पायाजवळून गेला, चौकारही झाला. ही हलेना! अंपायर धावत गेले, आम्ही दोघंही धावलो. बाई गुडघ्यांवर हात टेकून उभ्या उभ्या गाढ झोपल्या होत्या.

मॅच तर गेलीच. नंतर तिला सावलीत बसवून विचारलं, तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, "सकाळी सर लई ओव्हरी टाकाया लावतेत. संध्याकाळी तुमचे यॉर्कर."

"अगं, मग सांगायचं ना!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

"कुणाला सांगू? सरांना सांगितलं तर तुमची चुगली, तुम्हाला सांगितलं तर सरांची. आन् तुम्ही दोघं आत्ता कुठं नीट बोलाया लागला होता... म्हणलं, माझ्यापायी बिघडाया नगं."

मला रडू आवरेना आणि हसूही. इंद्रजीतनं तर कानच पकडले. एवढीशी पोर आमचं जुळावं म्हणून खांदा मोडेस्तोवर बोलिंग करत होती! आणि आम्ही दोघं हुरडा खात होतो.

तात्यासाहेब मात्र भडकले. "बास झालं दोन कोचांचं कौतुक! एकच ठिवायचा. रविवारी कमिटी बसंल."

कमिटी म्हणजे ते आणि त्यांचे मेहुणे अप्पाराव. दोघांचा कल राज्याकडनं खेळलेल्या सरांकडं होता, हे मैदानावरच्या गवतालाही ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी इंद्रजीत माझ्याजवळ येऊन बसला. आज नाडी सुटलेली नव्हती. "मी जातो," तो म्हणाला. "टीम तुझी आहे."

"मला दान नकोय!"

"मग काय हवंय?"

काय सांगणार? मला टीम हवी होती. आणि शेजारी बसलेला हा शहाणाही हवा होता. एक राहिलं तर दुसरं जाणार, हे मला सोसणारं नव्हतं. मी उठून तडक जीपकडं निघाले, आणि घरी जाऊन अंथरुणात पडून मनसोक्त रडले.

रविवारी ऑफिसात चौघंच बसलो होतो. पोरी मात्र खिडकीला चिकटलेल्या. अप्पारावांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "कोच एकच. इंद्रजीत."

"मी नाही," इंद्रजीत लगेच उठला. "मॅडमना ठेवा."

"थांबा!" मी म्हटलं. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "सगळं तुम्हीच वाटून घ्या, मला कुणी विचारूच नका! तात्यासाहेब, कोच दोनच लागतात. लाल चेंडू यांच्याइतका मला येत नाही, ते मी कबूल करते. पण हे जीपमध्ये म्हणाले होते तेही खरं आहे. पोरीचं अंग एकच असतं. कुणी किती टाकायचं, कुणी कधी थांबायचं, हा शेवटचा शब्द एकाचाच पाहिजे. तो माझा. या पोरींना मी घराघरांतून आणलंय. त्यांच्या आयांनी त्या माझ्या भरवशावर धाडल्यात. मुख्य कोच मी. हे माझ्यासोबत."

तात्यासाहेबांनी इंद्रजीतकडं बघितलं.

"राज्याकडनं खेळलेला गडी तुम्ही. हिच्या हाताखाली चालंल?"

"चालंल की."

"नीट इचार करा, राव. मागून कुरकुर नगं. किती दिवस चालंल?"

"जन्मभर चालंल."

अप्पारावांचा चहा बशीत सांडला. इंद्रजीतचे कान लालबुंद झाले, पण मान खाली गेली नाही.

"आम्ही एका सीझनचं इचारतोय," तात्यासाहेब हळूच म्हणाले.

"माझं उत्तर तेच आहे, तात्यासाहेब. पण शेवटचा शब्द मॅडमचा. आत्ताच ठरलं ना?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खिडकीतून सुकेशनी तर अर्धी आत आली होती. मी ओढणी सारखी केली, घसा साफ केला.

"सीझनचं काय ते कमिटीनं ठरवावं," मी म्हटलं आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. "जन्मभराचं मला मंजूर आहे."