उद्या या, मास्तर

गाडी बंद पडली ती नेमकी तिच्या गॅरेजच्या दारात. आतून उतरला तो मुलींच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर. केसांवर पावसाची भुरभुर, बोटांना निळा रंग आणि चेहरा असा, की जणू गाडीचा जीव त्यानेच घेतलाय.

"चालताना ठीक असते हो. उभी राहिली की थरथरते... आणि मग बंदच पडते."

"माणसंही असतात तशी," ती म्हणाली आणि तिने बॉनेट उघडलं.

गाडी जवळजवळ तिच्याच वयाची होती. तिने ती चालू करायला लावली, डोळे मिटले आणि ऐकलं. बाबांच्या हाताखाली ती हेच पहिलं शिकली होती, आधी कान, मग पाना. स्स्स... कुठूनतरी हवा आत ओढली जात होती. कार्बुरेटरजवळची रबरी नळी चिरली होती. तिने चिरेवर बोट दाबलं, तसं रडणारं मूल कडेवर घेतल्यासारखं इंजिन शांत झालं.

"जादूच की!" तो म्हणाला. बघत मात्र इंजिनाकडे नव्हता.

तिने नवी नळी घातली, नवी क्लिप आवळली. विषय तिथेच संपायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा हजर! तीच थरथर. नळी निसटलेली आणि क्लिपच्या स्क्रूवर नाण्याने फिरवल्याचे ताजे ओरखडे. तिला हसू आवरेना. मान खाली घालून तिने नळी बसवली आणि हात पुसायला उगाचच वेळ लावला.

"पुन्हा निघाली का हो?" त्याने साळसूदपणे विचारलं.

"निघाली. तुमची गाडी फार लाडावलीय, मास्तर."

"मग... मिस्त्रीणबाईंनीच लक्ष ठेवायला हवं तिच्यावर."

हे असंच चालू राहिलं. गाडी थरथरायची, क्लिप आवळली जायची, चहा व्हायचा, चहा संपला तरी गप्पा संपायच्या नाहीत. तो गेला की बाबा वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे तर दोन-दोन मांजरं!" ती लाजायची, पण बोलायची नाही. आधी त्याने बोलावं, एवढाच तिचा हट्ट होता. आणि आज ना उद्या तो बोलणार, याची तिला खात्री होती.

एके दिवशी तो सकाळीच आला. इस्त्रीचा शर्ट, बोटं स्वच्छ धुतलेली. गाडी दारात थरथरत होती. तिच्या अंगात खोडी शिरली.

"आज सवड नाही. उद्या या, मास्तर."

"उद्या...? अहो, आज खरंच बिघडलीय. आणि मला तुमच्याशी—"

"खरंच?" ती खळखळून हसली. "म्हणजे आजवर खोटीच बिघडत होती वाटतं? नाण्याने क्लिप ढिली करणाऱ्यांनी खऱ्याखोट्याच्या गोष्टी करू नयेत!"

तो कानापर्यंत लाल झाला. आता बोलेल, आता बोलेल, म्हणून ती श्वास रोखून उभी राहिली. पण तो नुसतं "बरं" म्हणाला आणि त्याने गाडी मागे घेतली.

जाताना इंजिनाचा आवाज तिच्या कानावर पडला होता. त्यात स्स्स नव्हतं. इंजिन एका लयीत लंगडत होतं, चारातला एक सिलिंडर कामच करत नव्हता. एरवी हे तिला झोपेतही कळलं असतं. पण तिचं मन केव्हाच उद्यावर जाऊन बसलं होतं.

उद्या आला. मास्तर आला नाही. महिना गेला. फोन करायला ती कितीदा तरी बसली, पण 'का आला नाहीत' असं कोणी गिऱ्हाईकाला विचारतं का?

उन्हाळ्यात एक बाई स्कूटर घेऊन आल्या. "मी मास्तरांची ताई," म्हणाल्या, आणि स्कूटरचं काही न सांगता बाकावर बसल्या.

"त्याला दूरच्या शाळेत नोकरी लागली. त्या दिवशी तुम्हाला विचारायला म्हणून आला होता, दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. घरी परतला तो गप्प गप्प. म्हणाला, 'ताई, तिला सगळं आधीच ठाऊक होतं. ती माझी मजा बघत होती.' गाडी घाटात बसली. एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळला होता म्हणे. तिथेच विकून टाकली."

तिने हातातला पाना खाली ठेवला. "मी मजा नव्हते बघत, ताई. मला आवडायचं ते. मला... ते आवडायचे."

"पुढच्या महिन्यात लग्न आहे त्याचं," ताई हळूच म्हणाल्या. "अगं, मग पहिल्यांदाच का नाही सांगितलंस, की कळलंय म्हणून?"

"सांगितलं असतं, तर यायचे थांबले असते."

"आता थांबलाच की गं तो," ताई म्हणाल्या.