मिठाच्या पोत्याची जागा

पळस्प्याच्या वजनकाट्यावर रंजिताने आजवर रेती तोलली, खडी तोलली, सळया तोलल्या, उरणकडून येणारं मीठ तर रोजचंच. पण त्या सकाळी एका जीपमागून जे ठुमकत ठुमकत काट्यावर चढलं, ते पाहून ती खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर डोकावली. दोन चाकांवरचं हिरवंगार, एवढंसं घर. मागे दार, बाजूला इवलीशी खिडकी... आणि खिडकीला चक्क पडदा.

"हे काय, कोंबड्यांचं खुराडं?"

"माझं घर आहे," जीपमधला तरुण जराही न रागावता म्हणाला. "स्वतः बांधलंय. सामानासकट साडेसातशे किलोच्या वर जाता कामा नये. रिकामं किती भरतंय, बघाल?"

त्याचं नाव प्रणित. राहायला नवीन पनवेलला, नोकरी घरबसल्या संगणकावरची, आणि डोक्यात एकच खूळ – हा ट्रेलर जीपमागे ओढत सगळी कोकणपट्टी फिरायची. त्यानंतर दर रविवारी स्वारी काट्यावर हजर. कधी पलंग बसवला म्हणून, कधी पाण्याची टाकी, कधी शेगडी. एका रविवारी तर नुसत्या चार ताटल्या घेऊन आला.

"ताटल्यांनी आमचा काटा हलत नाही हो," रंजिता म्हणाली. "ट्रक तोलतो तो."

"मग... आज नसतो आलो तर चाललं असतं?"

तिने उगाच स्क्रीन पुसली. "तसं कुठे म्हटलं मी?"

चहा पिता पिता तो तिला सगळं समजावून सांगे. नुसता ट्रेलर तोलून भागत नाही, त्याचा थोडा भार हुकावरून जीपवर येतो. जीपमध्ये बसणारी माणसंही हिशेबात धरायची. जड सामान पुढे, चाकांच्या आसपास. मागे भार पडला की शेपूट डोलायला लागतं आणि मग ते जीपलाही जुमानत नाही. रंजिताला यातलं बरंचसं आधीच ठाऊक होतं. तरी ती ऐकत राही, कारण सांगताना त्याचे हात फार छान हलत.

"जीपच्या हिशेबात तुमचे पन्नास-पंचावन्न किलो शिल्लक राहतात," ती एकदा म्हणाली. "भरा की काहीतरी."

"नको. ते राखून ठेवलेत." तो कपात बघत होता. "कुणाच्या तरी वाटचे आहेत."

कुणाच्या तरी! रंजिताने कप खाली ठेवला. म्हणजे शेजारच्या सीटवर बसणारी आधीच ठरली होती तर. "नशीबवान आहे," असं हसत म्हणून ती पुढच्या ट्रककडे वळली खरी, पण त्या ट्रकचं वजन तिने दोनदा चुकीचं सांगितलं.

निघायच्या दिवशी प्रणित निरोप घ्यायला आला. काट्याचे मालक, रंजिताचे वडील कमलाकर, पिढ्यान् पिढ्यांचे मिठागरवाले. त्यांना राहवेना.

"पोरगा महिनाभर चाललाय, आन् रिकाम्या हातानं? आमच्याकरं अशी रीत नाय."

म्हणता म्हणता एक पोतं मीठ आलं, एक पोतं तांदूळ आला, सुक्या बोंबलांची पाटी आली. दार मागे, म्हणून सगळं मागेच चढलं. आणि ताटल्यांचं वजन करणारा हा शहाणा नुसता 'हो काका, ठेवा काका' करत राहिला.

रंजिताला सगळं दिसत होतं. 'गाडी एकदा काट्यावर घ्या,' एवढंच म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं. प्रणितने दोनदा मागे वळून पाहिलं, काहीतरी बोलायला ओठ उघडले... आणि जीप गोव्याच्या रस्त्याला लागली.

थोड्याच वेळात काशिराम ड्रायव्हर ट्रक घेऊन आला. "ताई, तुमचं ते हिरवं खुराडं कर्नाळ्याच्या वळणावर सापासारखं वळवळत होतं –"

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. स्कूटरवरून जाताना वाटभर ती स्वतःलाच शिव्या घालत होती. आपल्या रुसव्यापायी एका माणसाला आपण न तोलता रस्त्यावर सोडलं.

वळण ओलांडलं आणि तिला तो दिसला. जीप कडेला, ट्रेलर सरळ उभा, आणि प्रणित दगडावर बसून पाणी पीत होता. माणूस धडधाकट होता. रंजिता तिथेच मातीत बसली.

"अरे वेड्या, तुला लागलं तर नाही ना?"

"'तुला' म्हणालीस," तो म्हणाला. "नाही लागलं. ब्रेक दाबला नाही, वेग हळूहळू उतरवला, तेव्हा कुठे ते डोलायचं थांबलं."

"बाबांना नको म्हणता आलं नाही? ताटल्या तोलतोस ना तू?"

"त्यांना नको कसं म्हणू? पुढे त्यांच्याकडेच मागणं घालायचंय. आधीच त्यांचं मीठ नाकारलं असतं तर..."

"कसलं मागणं?"

प्रणितने बाटली खाली ठेवली. "ते पंचावन्न किलो तुझ्या वाटचे होते, रंजिता. पोत्यांनी तुझी जागा खाल्ली."

इतके दिवस छातीवर बसलेला दगड एकदम उतरला. ती हसली, मग रडली, मग पदर नाही म्हणून तिने ओढणीने नाक पुसलं.

"बाईचं वजन असं अंदाजाने धरतात का? साठ आहे माझं."

"मग ताटल्या काढू."

दोघांनी पोती ओढून चाकांच्या पुढे सरकवली आणि हळूहळू परत आले. पुढे जीप, मागे स्कूटर. कमलाकरांनी आधी पोत्यांकडे पाहिलं, मग लेकीच्या लाल नाकाकडे.

"काका, मीठ ठेवून घ्या," प्रणित म्हणाला. "त्या जागी... रंजिताला न्यायचं म्हणतो."

"आमचं मीठ परत आनतस, आन् पोर मागतस?"

कमलाकरांनी हनुवटी खाजवली.

"अशी नाय मिलनार. आधी तुझ्या आईबापाला घेऊन ये, मंग बोलू." ते खिडकीमागच्या खुर्चीत जाऊन बसले. "आन् पोती उतरव, गाडी काट्यावर घे. रंजे, तू पन बस आत."

रंजिता शेजारच्या सीटवर बसली. प्रणितचा हात गिअरवर होता, तिने आपला अलगद त्यावर ठेवला. दोघंही श्वास रोखून खिडकीकडे बघत राहिले. कमलाकरांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"बसतंय," ते म्हणाले. "ताटल्यांसकट बसतंय."